जुन्या खुंटावर नवा डोळा
(जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना)



अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट हे गाव आहे. हा सारा भाग संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहेच. पण शेंदूरजनाघाटची खास ओळख म्हणजे तेथील संत्र्याच्या रोपवाटिका. या रोपवाटिकांत संत्र्याचे झाड थेट संत्र्याच्या बियांपासून वाढवीत नाहीत. आधी जंबेरीचे रोप तयार करतात. त्याला खुंट म्हणतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला, की त्याच्या सालीला चीर देतात, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसह काढून त्या चिरेत बसवितात आणि वरून पट्टी गुंडाळतात. डोळा धरला, की काही दिवसांनी त्यातून फूट येते. मुळे जंबेरीची आणि फळे संत्र्याची!

आता एक प्रश्न विचारतो. जंबेरीच्या खुंटावर आंब्याचा डोळा का बसत नाही? डोळ्याच्या आणि खुंटाच्या सालीखाली जो जिवंत थर असतो, तो एकमेकांशी जुळावा लागतो. हे जुळणे जवळच्या नात्यातील झाडांतच घडते. डोळा नवा असेल, खुंट जुना असेल, त्याला हरकत नाही; पण दोघांचे जुळले पाहिजे.

या लेखात आपण असेच एक कलम करणार आहोत. मात्र ते झाडाचे नसून संगणकाचे आहे. तीस वर्षांपूर्वीच्या संगणकातील निकामी झालेली हार्ड डिस्क काढून तिच्या जागी आजचा, एकही फिरता भाग नसलेला साठा बसवावयाचा आहे. हे जमते कसे, आणि ते करण्याआधी कोणते काम करावयास हवे, ते पाहू.

नोंदी अडकल्या आहेत!

एक उदाहरण घेऊ. समजा, एका रोपवाटिकेच्या कचेरीत १९९३ सालचा एक संगणक पडून आहे. त्या काळी त्यात मराठीतून नोंदी ठेवल्या होत्या. कोणत्या मातृवृक्षावरून डोळे काढले, कोणत्या गावाला किती कलमे गेली, कोणत्या वर्षी किती रोपे मेली, असे सारे त्यात आहे. कागदी वह्यांना वाळवी लागली. संगणकाचे बटण दाबले, की पंखा फिरतो, पडद्यावर चार ओळी उमटतात आणि मग हार्ड डिस्क मिळत नसल्याची सूचना येऊन सारे थांबते.

असे यंत्र तुमच्या घरी, शाळेच्या सामानाच्या खोलीत किंवा गावातल्या छापखान्यातही असू शकेल. भंगारवाला ते वजनावर घेऊन जाईल. पण नोंदींचे वजन तराजूवर होत नाही. म्हणून यंत्र देऊन टाकण्यापूर्वी दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखावयास शिकू या : एक म्हणजे बिघडलेला भाग, आणि दुसरी म्हणजे त्या भागात साठविलेला मजकूर. भाग बदलता येतो. मजकूर मात्र बदलून मिळत नाही.

कॅसेटपासून तबकडीपर्यंत

संगणकाची कामाची स्मृती वीज गेली की कोरी होते. म्हणून लिहिलेले टिकवून ठेवण्यासाठी वेगळी सोय लागते. १९८६ साली पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम-प्लस या घरगुती संगणकाची परवाना घेतलेली आवृत्ती भारतात आणली. तिचे नाव 'डीबी स्पेक्ट्रम-प्लस'. हा संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडीत आणि त्याचे कार्यक्रम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवीत. ४८ किलोबाइटची स्मृती भरावयास कॅसेटला सुमारे पाच मिनिटे लागत. शिवाय, कॅसेटमधले शेवटचे गाणे ऐकावयाचे तर आधीची सगळी फीत पुढे गुंडाळावी लागते, तसाच प्रकार येथेही होता.

तबकडीचे तसे नाही. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई उचलून हव्या त्या जागी ठेवता येते. हीच कल्पना मोठ्या संगणकांसाठी १९५६ मध्येच प्रत्यक्षात आली होती. आय.बी.एम. कंपनीच्या 'रॅमॅक' या यंत्रात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या एकाच दांड्यावर फिरत. सारे मिळून सुमारे एक टन वजन, आणि त्यात मावत फक्त ५० लाख अक्षरे! पुढे तबकड्या लहान होत गेल्या. १९८३ मध्ये आलेल्या आय.बी.एम.च्या 'पीसी-एक्सटी' या टेबलावरच्या संगणकात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. १९९० नंतरच्या काही वर्षांत घरोघरी आणि कचेऱ्यांत जे संगणक आले, त्यांतील डिस्क तळहाताएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांत चाळीस ते काहीशे मेगाबाइट मावत.

तबकडी काम कशी करते?

हार्ड डिस्कच्या बंद डबीत ॲल्युमिनियमच्या एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा पातळ लेप असतो. तबकडीच्या प्रत्येक बाजूवर एक शीर्ष असते. शीर्ष म्हणजे अतिशय लहान विद्युत्-चुंबक. लिहिताना ते लेपातील बारीक बारीक भागांना एका किंवा उलट दिशेने चुंबकित करते, आणि वाचताना ही दिशा कोठे बदलते ते ओळखते. या बदलांतूनच ० आणि १ यांची रांग मिळते.

तबकडीवर एकात एक अशी शेकडो वर्तुळे कल्पावी. प्रत्येक वर्तुळाला मार्ग म्हणू. सर्व तबकड्यांवरील एकाखाली एक येणारे मार्ग मिळून जो पोकळ दंडगोल होतो, त्याला सिलिंडर म्हणतात. प्रत्येक मार्गाचे पुन्हा लहान लहान खंड पाडलेले असतात, आणि एका खंडात ५१२ बाइट मावतात. तेव्हा कोणत्याही मजकुराचा पत्ता तीन आकड्यांत सांगता येतो : सिलिंडर कोणता, शीर्ष कोणते आणि खंड कितवा. पत्रावर जिल्हा, गाव आणि घरक्रमांक लिहावा, तसेच हे आहे.

आता वेगाचा विचार करा. त्या काळच्या अनेक डिस्क मिनिटाला ३,६०० फेरे, म्हणजे सेकंदाला ६० फेरे घेत. तबकडीच्या कडेची त्रिज्या ४.५ सेंटिमीटर धरली, तर परीघ होतो सुमारे २८.३ सेंटिमीटर. याला ६० ने गुणले, की सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६१ किलोमीटर! मोकळ्या रस्त्यावरील एस.टी.च्या वेगाने तबकडी शीर्षाखालून धावत असते. या वेगामुळे तबकडीलगतची हवा शीर्षाला किंचित वर उचलून धरते. ते अंतर एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. आपल्या डोक्याचा केस याच्या पन्नासपट तरी जाड असतो. म्हणजे डबीच्या आत हवा हवीच. पण धुळीचा कण मात्र नको. यासाठी डबीला एक बारीक छिद्र ठेवून त्याला आतून गाळणी लावलेली असते. हे छिद्र बंद करू नये, आणि डबी उघडून पाहण्याचा मोह तर कधीच धरू नये. साध्या खोलीत उघडलेली डिस्क बहुधा पुन्हा भरवशाने चालत नाही.

ती थकते का?

जे यंत्र फिरते ते झिजते. डिस्कच्या बेअरिंगमधील वंगण वर्षानुवर्षांनी घट्ट होते. संगणक बंद असताना शीर्षे तबकडीवरच टेकलेली असतात. गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावरचा वंगणाचा सूक्ष्म थर यांमुळे दीर्घकाळ पडून राहिलेल्या डिस्कमध्ये ती चिकटून बसतात, आणि लहानशा मोटारीला ती सोडविता येत नाहीत. काही डिस्कमधील रबराचे भाग कालांतराने चिकट होतात आणि शीर्षांचा दांडा त्यांना अडकून राहतो. वीज अचानक जाणे हेही एक संकट आहे. अगदी जुन्या डिस्कमध्ये बंद करण्यापूर्वी शीर्षे सुरक्षित जागी नेण्याची आज्ञा हाताने द्यावी लागे. नंतरच्या डिस्कमध्ये ती आपोआप तेथे जाऊ लागली.

वऱ्हाडच्या हवेचाही यात वाटा आहे. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहूनही तापते. उष्णतेने वंगण, रबर आणि विद्युत् मंडळातील रासायनिक धारित्रे लवकर म्हातारी होतात. म्हणून जुना संगणक जपून ठेवावयाचा तर तो घरातील सर्वांत थंड आणि कोरड्या जागी ठेवावा, माळ्यावर नव्हे.

आधी नक्कल, मग बदल

येथे सर्वांत महत्त्वाचा नियम सांगतो. थकलेली डिस्क फिरू लागली, तर ती शेवटचीच फेरी आहे असे समजून वागावे. 'चालते का बघू' म्हणून ती पुन्हा पुन्हा सुरू-बंद करू नये. प्रथम नक्कल घेण्याची सगळी तयारी करावी आणि मगच वीज द्यावी.

नक्कल घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे डिस्क काढून, यू.एस.बी.ची जोडणी असलेल्या एका लहान रूपांतरकाने ती आजच्या संगणकाला जोडणे आणि पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत जशीच्या तशी प्रतिकृती उतरविणे. यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा विनामूल्य कार्यक्रम मिळतो. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. परीक्षेत हुशार विद्यार्थी सोपे प्रश्न आधी सोडवितो आणि अवघड प्रश्नांकडे नंतर वळतो. हा कार्यक्रमही सहज वाचता येणारे खंड आधी उतरवून घेतो आणि अडणाऱ्या खंडांवर नंतर प्रयत्न करतो. त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बराचसा मजकूर हाती आलेला असतो.

मात्र फार जुन्या डिस्कना फक्त तीन आकड्यांचा पत्ता कळतो, आणि आजचे बरेच रूपांतरक खंडांना ओळीने दिलेला एकच क्रमांक वापरतात. मग दोघांचा संवाद होत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग घ्यावा. जुन्या संगणकातच जुन्या डिस्कशेजारी नवा साठा जोडून सर्व फायली तेथल्या तेथे उतरवून घ्याव्या. कोणत्याही मार्गाने जा, जुन्या डिस्कवर नवे काहीही लिहू नका.

नवा डोळा कोणता?

१९९४ साली सॅनडिस्क कंपनीने 'कॉम्पॅक्टफ्लॅश' नावाचे काडेपेटीपेक्षा पातळ असे स्मृतीचे कार्ड आणले. त्याचा प्रसार मुख्यतः छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांमुळे झाला. या कार्डात फिरणारे काहीही नाही. त्यातील प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतात. कप्प्याभोवती विद्युत्-रोधक थर असल्यामुळे वीज गेली तरी ते आत राहतात. कप्पा भरलेला की रिकामा, यावरून ० किंवा १ ठरतो.

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. १९८० नंतरच्या दशकात हार्ड डिस्क आणि संगणक यांच्यामधील बोलणे ठरवून देणारी 'आय.डी.ई.' ही पद्धत निघाली. ४० तारांच्या पट्टीतून कोणती खूण कोणत्या तारेवर जाईल, 'वाच' म्हणजे कोणता आकडा, 'लिही' म्हणजे कोणता आकडा, हे तिने ठरविले. १९९४ मध्ये 'एटीए' या नावाने तिचे अधिकृत मानक झाले. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या रचनाकारांनी कार्डालाही हीच बोली शिकवून ठेवली. म्हणून कार्ड आणि जुना संगणक यांच्यामध्ये दुभाषा लागत नाही. कार्डाची ५० छिद्रे आणि पट्टीच्या ४० तारा जोडून देणारी एक स्वस्त पाटी पुरते. संगणक विचारतो, 'अमुक सिलिंडर, अमुक शीर्ष, अमुक खंड वाच'. कार्डात सिलिंडर नाही आणि शीर्षही नाही. तरीही ते आपल्या कप्प्यांतून नेमके ५१२ बाइट काढून देते. समोर तबकडी आहे की कार्ड, हे संगणकाला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

जंबेरीची मुळे आपल्यावर कोणता डोळा भरला आहे ते विचारीत नाहीत. सालीखालचा थर जुळला, की पाणी वर चढते. यंत्रांच्या जगात या थराचे नाव आहे मानक, म्हणजे सर्वांनी मिळून पाळलेला करार.

तीन आकड्यांचे गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, जुन्या डिस्कच्या पाठीवर ९७७ सिलिंडर, ५ शीर्षे आणि १७ खंड असे लिहिले आहे. तिच्यात किती मावेल?

९७७ × ५ × १७ = ८३,०४५ खंड
८३,०४५ × ५१२ = ४,२५,१९,०४० बाइट

म्हणजे सुमारे ४२ मेगाबाइट. एका पानावर २,००० बाइटचा मजकूर धरला, तर ही एकवीस हजारांवर पाने झाली. रोपवाटिकेच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी यात सहज मावतील.

मग कार्ड किती मोठे घ्यावे? बाजारात कित्येक गिगाबाइटची कार्डे आहेत. पण जुना संगणक ती पूर्ण वापरू शकत नाही. याचे कारण मोठे मजेदार आहे. पत्त्यातील आकडे लिहिण्यासाठी दोन ठिकाणी रकाने ठरलेले होते. संगणकाच्या मूळ कार्यक्रमात, म्हणजे 'बायॉस'मध्ये, सिलिंडरला १०, शीर्षाला ८ आणि खंडाला ६ द्विमान अंकांची जागा होती. म्हणून जास्तीत जास्त १,०२४ सिलिंडर, २५६ शीर्षे आणि ६३ खंड (खंडांची मोजणी १ पासून होत असल्याने ६४ नव्हे, ६३). आय.डी.ई. पद्धतीत सिलिंडरला १६, शीर्षाला ४ आणि खंडाला ८ अंकांची जागा होती. म्हणून ६५,५३६ सिलिंडर, १६ शीर्षे आणि २५५ खंड.

बायॉसचा करार एकटा पाहिला तर ८ अब्जांहून अधिक बाइटपर्यंत पोहोचतो. आय.डी.ई.चा करार एकटा पाहिला तर १३६ अब्जांवर जातो. पण पत्ता दोन्ही रकान्यांत बसला पाहिजे. तेव्हा प्रत्येक बाबतीत लहान आकडा घ्यावा लागतो :

१,०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट

दोघेही उदार, पण दोघांनी मिळून केलेला व्यवहार मात्र जेमतेम ५२८ मेगाबाइटचा! एकाने शीर्षांसाठी भरपूर जागा ठेवली आणि दुसऱ्याने सिलिंडरांसाठी. एकाच्या जागेचा दुसऱ्याला उपयोग झाला नाही. वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांना न विचारता केलेल्या नियमांचे असे होते. पुढे खंडांना ओळीने एकच क्रमांक देण्याची पद्धत आली आणि नंतरच्या संगणकांत ही अडचण दूर झाली. आपल्या १९९३ च्या यंत्रासाठी मात्र ५१२ मेगाबाइटचे किंवा त्याहून लहान कार्ड बरे. मोठे कार्ड लावले, तर त्याचा बहुतेक भाग पडून राहील इतकेच.

प्रत्यक्ष कृती

हे काम शिक्षकांच्या किंवा जाणत्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. दोन गोष्टींना हातही लावू नये : वीजपुरवठ्याची बंद पेटी आणि काचेच्या नळीचा जुना पडदा. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचा शिखर-दाब सुमारे ३२५ व्होल्ट असतो, आणि पेटीतील धारित्रात तो बटण बंद केल्यावरही काही काळ राहू शकतो. पडद्याच्या नळीत तर हजारो व्होल्टचा भार साठलेला असू शकतो.

१. संगणक चालू होत असेल तर आधी त्याच्या 'सेटअप'च्या पडद्यावरील सारे आकडे वहीत उतरवून घ्या. डिस्कच्या पाठीवरील आकडेही लिहून ठेवा.

२. नुसते बटण बंद करून भागत नाही. भिंतीतील प्लग काढा. मग संगणकाचे झाकण उघडा. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत, विशेषतः नायलॉनचे कपडे अंगावर असताना, शरीरावर स्थिर विद्युत् साठते आणि तिच्या एका ठिणगीने चिप निकामी होऊ शकते. म्हणून सुट्या भागांना हात लावण्यापूर्वी दर वेळी सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा.

३. मुख्य पाटीवर लहान पिंपाच्या आकाराचा विद्युत्-घट आहे का, ते पाहा. बंद संगणकाला वेळ आणि आकडे लक्षात ठेवण्यासाठी तो दिलेला असतो. जुना झाला की यातील काही घटांतून क्षार पाझरतो आणि तांब्याच्या वाटा खातो. तसे दिसल्यास जाणकाराकडून तो काढून घ्या. डिस्क बदलूनही पाटीच गेली, तर उपयोग काय?

४. जुन्या डिस्कची रुंद पट्टी आणि वीज देणारा चार तारांचा प्लग हलक्या हाताने काढा. पट्टीची एक कडा बहुधा लाल असते; ती पहिल्या तारेची खूण. नव्या पाटीवरील '१' या अंकाकडे हीच कडा यावी.

५. वीज देणाऱ्या प्लगमध्ये लाल तार ५ व्होल्टची, पिवळी १२ व्होल्टची आणि दोन काळ्या तारा परतीच्या असतात. कार्डाला १२ व्होल्टचे काम नाही, कारण त्यात फिरवावयास मोटारच नाही. प्लग उलटा बसविण्याचा आटापिटा करू नका.

६. कार्ड पाटीत बसवा. पाटीवरील लहान टोपण 'मास्टर' या जागी ठेवा. पाटीची खालची बाजू सांगाड्याच्या धातूला टेकता कामा नये. मधे पुठ्ठा घाला.

७. संगणक सुरू करून 'सेटअप'मध्ये जा. डिस्क आपोआप ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर वापरकर्त्याने आकडे भरावयाचा प्रकार निवडा (बऱ्याच यंत्रांत त्याचा क्रमांक ४७ असतो) आणि कार्डाचे तीन आकडे भरा.

८. डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करा. 'एफडिस्क' या आज्ञेने कार्डावर विभाग पाडा, तो सक्रिय करा आणि 'फॉरमॅट' आज्ञेने, यंत्रणेच्या फायलींसह, तयार करा. एवढे करूनही संगणक कार्डावरून सुरू होत नसेल, तर कार्डाच्या पहिल्या खंडात सुरुवातीचा छोटा कार्यक्रमच नसण्याचा संभव आहे. 'एफडिस्क'ला '/एमबीआर' हे पद जोडून आज्ञा दिली, की तो लिहिला जातो.

९. शेवटी, आधी घेतलेल्या नकलेतून जुन्या फायली कार्डावर आणा.

पूर्वी संगणक सुरू होताना जो घरघराट होत असे, तो आता ऐकू येणार नाही. मात्र कार्ड अमर आहे असे समजू नका. कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे हळूहळू निसटतात आणि उष्णतेत अधिक लवकर निसटतात. म्हणून मजकुराच्या निदान दोन प्रती, दोन वेगळ्या जागी, असाव्यात. शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही.

अक्षरे वाचली, पण वाचता येतात का?

कलम धरले. फायली हाती आल्या. पण आजच्या संगणकावर त्या उघडल्या तर मराठी नोंदींच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात! डिस्क तर ठीक उतरली होती. मग चुकले कोठे?

काहीच चुकले नाही. येथे आणखी एक करार आडवा येतो. संगणक अक्षर साठवीत नाही, आकडा साठवितो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर मानावयाचे, हे आधी ठरलेले असावे लागते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात 'क' या अक्षराचा आकडा १७९ आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक' या संस्थेच्या 'जिस्ट' कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसू लागली, ती याच मार्गाने. आज जगभर चालणाऱ्या 'युनिकोड' संकेतावलीत 'क'चा आकडा २३२५ आहे. या दोन्ही संकेतावल्या जाहीर असल्यामुळे एकीतून दुसरीत जाणे सोपे आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या काळात छपाईसाठी निघालेल्या अनेक मराठी टंकांनी आकडे आपापल्या सोयीने ठरविले होते. एकात 'क' एका आकड्यावर, तर दुसऱ्यात दुसऱ्याच. अर्धा 'क' वेगळा, काना वेगळा, वेलांटीचे दोन-तीन प्रकार वेगळे. तो टंक हाती असेल तर नोंद वाचता येते. नसेल तर बाइट सगळे शाबूत असूनही मजकूर मुका राहतो.

म्हणून जुन्या डिस्कवरून नुसत्या नोंदींच्या फायली घेऊन थांबू नका. ज्या कार्यक्रमात त्या लिहिल्या तो कार्यक्रम आणि त्याचे टंकही उतरवून घ्या. संगणकाच्या खाचेत 'जिस्ट'सारखे कार्ड असेल तर ते काढून टाकू नका. नोंदी दिसू लागल्या, की त्या युनिकोडमध्ये आणा आणि एक प्रत कागदावरही छापून ठेवा. कागद वाचावयास वीज लागत नाही.

आता कलमाचे मर्म तुमच्या लक्षात आले असेल. डिस्क गेली, तिच्या जागी तिच्याशी कसलेही साम्य नसलेले कार्ड बसले, कारण दोघांमधला करार उघड आणि सर्वांनी पाळलेला होता. अक्षरांच्या बाबतीत जेथे असा करार होता तेथे नोंदी बोलू लागल्या, आणि जेथे प्रत्येकाने आपलीच खूण चालविली तेथे त्या अडून बसल्या. पुढे तुमच्यापैकी कोणी यंत्रे किंवा कार्यक्रम तयार कराल, तेव्हा तीस वर्षांनी तुमचे लिहिलेले कोणाला तरी उघडावे लागणार आहे, एवढे ध्यानात ठेवा.

करून पाहा

१. एका जुन्या डिस्कवर ६१५ सिलिंडर, ४ शीर्षे आणि १७ खंड असे लिहिले आहे. एका खंडात ५१२ बाइट धरून तिची क्षमता काढा.

२. हवा असलेला खंड शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. मिनिटाला ३,६०० आणि ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये हा वेळ किती मिलिसेकंद असेल?

३. तुमच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत जुनी फ्लॉपी, डिस्क किंवा संगणक आहे का, याची चौकशी करा. त्यात काय आहे, कोणत्या वर्षीचे आहे, कोणत्या टंकात आहे, याची चिठ्ठी लिहून त्यावर चिकटवा. जतन करण्याची सुरुवात येथूनच होते.

उत्तरे : (१) २,१४,११,८४० बाइट. (२) सुमारे ८.३ आणि ५.६ मिलिसेकंद.